घरात उडणारे विमान आणि त्याचे पंख
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी वर्धापनदिनाला आपल्यापैकी एकीने आपल्याला येत असलेली एखादी गोष्ट सांगावी, असा आपल्या मंडळाचा रिवाज आहे. आजवर रुखवत झाले, मसाले झाले, कापडी फुले झाली. यंदा माझे नाव निघाले. विषय सांगितला तेव्हा सेक्रेटरीबाईंनी दोनदा विचारून घेतले, "विमान म्हणालात ना?" हो, विमानच. मात्र हे विमान आकाशात जात नाही. ते बंद दारांच्या आत, छताखाली उडते. त्यात यंत्र नाही, बॅटरी नाही, तेल नाही. रबराच्या पट्टीला पीळ द्यायचा, तो पीळ सुटता सुटता पुढचा पंखा फिरतो आणि विमान माणसाच्या चालीने, किंबहुना त्याहूनही हळू, गोल गोल वर चढते. मी स्वतः सातवीपर्यंत शिकले आहे. तेव्हा शास्त्र जेवढे मला कळले तेवढेच सांगेन. पण पंख कसा करायचा आणि कसा बसवायचा, हे मात्र हाताने केलेले आहे, ते नीट सांगू शकेन. शेवटी कार्यकारिणीकडे एक मागणेही आहे.

हा नाद आमच्या घरी माझ्या भाच्याने आणला. तो शिकायला अमेरिकेत आयडाहो राज्यातल्या मॉस्को नावाच्या गावी होता. रशियातले मॉस्को नव्हे बरे का, हे विद्यापीठाचे लहान गाव आहे. तेथे विद्यापीठाचे एक मोठे क्रीडागृह आहे, लाकडी कमानींचे छत घातलेले, आत अख्खे फुटबॉलचे मैदान मावेल एवढे. 1975 साली ते छत झाले. तेथे या घरातल्या विमानांच्या स्पर्धा भरतात. पांढऱ्या केसांचे आजोबा आणि शाळकरी मुले एकाच रांगेत बसून रबराला पीळ देतात, असे तो सांगत होता. गेल्या वर्षी सुट्टीला आला तेव्हा कपड्यांपेक्षा जास्त जपून त्याने एक पुठ्ठ्याचे खोके आणले होते. मला वाटले काचेचे काही असेल. उघडले तर आत काड्या आणि हवा!

नेमके त्याच आठवड्यात माझ्या धाकटीच्या शाळेत विज्ञानाचे प्रदर्शन होते. ती नववीत आहे. वर्गाच्या वाट्याला 'उड्डाण' हा विषय आला. मुलांनी विमान करायचे आणि मुलींनी टेबलापुढे रांगोळी काढून फलक सजवायचा, असे वाटप झाले. पोरगी घरी आली ती दप्तर कोपऱ्यात टाकून जेवायलाही उठेना. रांगोळीचा तिला राग नाही, तिची रांगोळी तुम्ही मंगळागौरीला पाहिलेली आहे. "मला विचारलेसुद्धा नाही," एवढेच ती म्हणत राहिली. भाच्याने ते ऐकले आणि काही न बोलता खोके तिच्यापुढे ठेवले. त्या रात्रीपासून आमच्या स्वयंपाकघरातला ओटा जेवणे झाली की त्यांचा झाला, आणि दुसऱ्या दिवसापासून मीही त्यात ओढली गेले.

आता हे काम मुळात कोणाचे, ते ऐका. पेनो नावाच्या एका फ्रेंच तरुणाने 1871 साली पॅरिसच्या बागेत पिळलेल्या रबरावर चालणारे छोटे विमान लोकांसमोर उडवून दाखवले. ते अकरा सेकंद हवेत राहिले. माणूस घेऊन उडणारे विमान व्हायला त्यानंतर 32 वर्षे लागली. ते ज्यांनी केले त्या राइट बंधूंना लहानपणी, 1878 साली, वडिलांनी असेच रबरावर उडणारे भिरभिरे आणून दिले होते. त्यांची आई सुताराच्या हाताची होती. तिचे वडील गाड्या बांधणारे कारागीर, आणि मुलांची खेळणी ती स्वतः करून देई. पुढे 1900 साली हे भाऊ किटी हॉक या किनाऱ्यावरच्या गावी पहिले मोठे पंख घेऊन गेले. पंखाच्या काड्या हव्या तेवढ्या लांब मिळाल्या नाहीत, म्हणून त्यावरचे साटिनचे कापड बेतून पुन्हा शिवावे लागले. ते विल्बरने त्या गावच्या टेट बाईंच्या शिवणयंत्रावर शिवले. काम संपल्यावर ते पंख तिथेच टाकून दिले, तर टेट बाईंनी त्या कापडाचे आपल्या दोन मुलींना फ्रॉक शिवले. हे मी वाचले तेव्हा मला फार बरे वाटले. आपणही तेच केले असते.

आता विमानाकडे वळते. भाचा ज्या जातीचे विमान करतो तिला तिकडे 'पेनी प्लेन' म्हणतात. त्यांचा तांब्याचा जुना सेंट 3.1 ग्रॅमचा होता; रबर सोडून सगळे विमान निदान तेवढ्या वजनाचे हवे, असा नियम. आपल्याकडे 2011 साली आलेले रुपयाचे नाणे पावणेचार ग्रॅमहून थोडे जास्त भरते, म्हणजे सबंध विमान त्या रुपयाहून हलके. पंखाची लांबी मात्र 18 इंच, म्हणजे एक हात, आणि रुंदी 5 इंच! जागतिक स्पर्धेची विमाने तर याहून हलकी: लांबी 55 सेंटिमीटर आणि वजन 1.4 ग्रॅम, आपल्या सोन्याच्या भाषेत दीड मासा. ती उंच जागी अर्धा अर्धा तास उडतात. रुमानियात स्लानिक येथे मिठाची जुनी खाण आहे, जमिनीखाली दोनशे मीटर. आत देवळाच्या सभामंडपासारखी उंच दालने आहेत आणि वारा अजिबात नाही, म्हणून जागतिक स्पर्धा तेथेही भरल्या आहेत. मिठाच्या भिंतींमध्ये ही विमाने फिरताना कशी दिसत असतील, ते मनाशी आणून पाहा.

लाकूड बाल्सा नावाचे. ते दक्षिण अमेरिकेतल्या इक्वेडोर देशातून येते. झाड सहा-आठ वर्षांत तोडायला येते आणि लाकूड इतके हलके की हातात घेतले तर काही घेतले असे वाटत नाही. आपल्याकडे विमानांच्या प्रतिकृतींचे सामान विकणाऱ्या दुकानांत त्याच्या पातळ फळ्या मिळतात. पण सगळ्या फळ्या सारख्या नसतात. एकाच मापाच्या दोन फळ्यांत एक दुसरीच्या दुप्पट जड निघते. म्हणून आधी वजन करायचे. आमच्या गल्लीतल्या सोनारांनी आपला काटा वापरू दिला, पहिल्या दिवशी ते हसले, चौथ्या दिवशी स्वतःच विचारू लागले, "आज किती भरले?"

पंखाचे काम आकाशकंदिलासारखे आहे. कामट्या, खळ आणि पतंगी कागद ज्यांनी हाताळला आहे त्यांना निम्मे येतेच. जाड पुठ्ठ्यावर पंखाची आकृती काढायची, वर पारदर्शक कागद घालायचा म्हणजे गोंद आकृतीला चिकटत नाही. फळीतून स्टीलची पट्टी धरून नव्या ब्लेडने दोन काड्या काढायच्या, एक पुढच्या कडेची, एक मागच्या. मधोमध जाड आणि टोकाकडे निमुळत्या. काडी बोटांत हलकेच वाकवून पाहायची. दोन्ही काड्या सारख्या वाकल्या पाहिजेत, नाही तर पंख पिळवटतो. टाचण्या काडीच्या दोन्ही बाजूंना लावायच्या, काडीतून कधीही नाही.

दोन काड्यांच्या मध्ये फासळ्या. फासळी सरळ नसते, तिला वर किंचित बाक असतो: पाच इंचांच्या फासळीला मध्यावर पाव इंच. हा बाकच विमानाला उचलतो. सगळ्या फासळ्यांचा बाक एकसारखा यावा म्हणून पत्र्याचा एक साचा करायचा, त्याच्या कडेने ब्लेड फिरवायचे, साचा तांदळाच्या दाण्याएवढा खाली सरकवायचा, पुन्हा फिरवायचे. शंकरपाळ्यांवर कातण फिरवल्यासारखे झरझर होते. माझ्या फासळ्या पोरीपेक्षा चांगल्या झाल्या, हे ती मान्य करीत नाही.

गोंदाची गोष्ट निराळी. आपला हात सढळ. भाजीला तेल आणि सांध्याला गोंद. येथे टाचणीच्या टोकावर मावेल तेवढाच. भाचा सारखा म्हणे, "मावशी, गोंद कमी! तू वजन चिकटवते आहेस." फेव्हिकॉल पाण्यात पातळ केला तरी चालतो, फक्त वाळायला वेळ द्यावा लागतो. आमच्या पहिल्या विमानात दुधावरच्या सायीसारखे गोंदाचे थेंब होते, आणि ते साडेचार ग्रॅम भरले.

वर झाकायला पूर्वी तिकडे एक गंमत करीत. परातीतल्या पाण्यावर एक प्रकारचे रोगण ओतले की ते पसरून पाण्यावर पडदा धरते, तेल सांडल्यावर दिसतात तसे रंग त्यात दिसतात, आणि त्या रंगावरून पडदा किती पातळ आहे ते जाणकार ओळखतात. मग तारेच्या कड्याने तो पडदा उचलायचा. ते रोगण फार पेट घेणारे, म्हणून मी घरात करू दिले नाही. आता बारीक प्लास्टिकचा तयार पडदाच मिळतो. भाच्याने आणलेला संपल्यावर आम्ही भाजीच्या पातळ पिशवीचा वापरला. आपल्या राज्यात 2018 साली पिशव्यांवर बंदी आली, पण घडी करून गादीखाली ठेवलेल्या पिशव्या कोणाच्या घरात नाहीत?

येथे एक सांगून ठेवते. आपल्याला वाटते, पडदा ताणून बसवावा, सुरकुती राहू नये. तसे केले की काड्या आत ओढल्या जातात आणि सकाळी पंख पापडासारखा वाकडा झालेला दिसतो. पडदा आधी हातात चुरगळून मोकळा करायचा, चौकटीवर सैलसर पसरायचा, काड्यांना पातळ डिंक लावून चौकट त्यावर हलकेच टेकवायची आणि कडेचे कापून टाकायचे. सुरकुत्या दिसतात, दिसू द्याव्यात. मग दोन्ही टोकांपासून काही अंतरावर काड्यांना चीर देऊन टोके दीड-दीड इंच वर उचलायची आणि त्या सांध्यांत गोंद भरायचा. टोके अशी उचललेली असली की कलंडलेले विमान आपोआप सावरते.

आता पंख बसवणे. मला सगळ्यांत आवडलेली गोष्ट हीच. मला वाटले होते, पंख दांडीला चिकटवून टाकायचा की झाले. शाळेतल्या मुलांनी तसेच केले होते. पंख दांडीवर गोंदाने घट्ट बसवला आणि प्रदर्शनात विमान नाकावर आपटले, तेव्हा पंख मोडल्याशिवाय काही बदलता येईना. या विमानात पंखाला दोन पाय असतात. पुढच्या काडीच्या मध्याखाली एक, मागच्या काडीखाली एक. दांडीच्या बाजूला कागदाच्या दोन बारीक नळ्या चिकटवलेल्या असतात. पाय नळ्यांत उभे राहतात, घर्षणाने धरून, गोंद नाही. हाताने ओढले तर निघतील, हवेने हलणार नाहीत, इतपतच घट्ट.

नळी अशी करायची. गोधडीच्या जाड सुईला मेणाचा हात लावायचा. पतंगी कागदाची अर्धा इंच रुंदीची पट्टी पातळ गोंद लावून तिच्यावर तीन-चार वेढे गुंडाळायची आणि वाळायच्या आधीच सुईवर एकदा फिरवून सैल करायची. गजऱ्याचा दोरा ज्या बोटांनी धरतो त्याच बोटांनी. पाय थोडे टणक बाल्साचे, बारीक पॉलिश कागदावर घासून गोल केलेले, नळीत जेमतेम सरकतील असे. आणि क्रम लक्षात ठेवा: आधी नळ्या दांडीला, मग पाय नळ्यांत, आणि शेवटी पंख त्या पायांवर टेकवून सांधा वाळू द्यायचा. म्हणजे पायांचे अंतर आपोआप बरोबर येते. पाय आधी पंखाला लावले तर एक नळीत जातो आणि दुसरा बाहेर राहतो.

हा सगळा खटाटोप कशासाठी? तर विमान उडवून पाहिल्याशिवाय पंखाचा कल किती हवा ते कळत नाही. नाक वर करून ते हेलकावे खाऊ लागले, तर पुढचा पाय केसभर खाली दाबायचा. सरळ जमिनीकडे उतरू लागले, तर केसभर वर ओढायचा. पुन्हा सोडायचे, पुन्हा पाहायचे. आमच्या पोरीने एका दुपारी असे वीस-बावीस वेळा केले, आणि दर वेळी वहीत लिहिले: किती पीळ, पाय किती वर, किती सेकंद. गणिताच्या वहीला जी हात लावीत नाही, तिने हा तक्ता आखला.

आणखी एक मौज. विमान गोल फिरते ते डावीकडे. म्हणून डावा पंख उजव्यापेक्षा थोडा लांब करतात आणि त्याची पुढची कड किंचित वर ठेवतात. मला हे काही केल्या पटेना. दोन पंख सारखे नकोत का? मग माहेरच्या खळ्यावरची मळणी आठवली. मेढीजवळचा बैल हळू चालतो, कडेच्या बैलाला धावावे लागते. तसा आतला, डावा पंख हवेतून हळू जातो, म्हणून त्याला उचल कमी मिळते. ती भरून काढायला त्याला थोडे जास्त द्यायचे. शिवाय पुढचा पंखा फिरतो त्याच्या उलट झोकाने विमान डावीकडे कलते, तेही यातच सांभाळले जाते. भाच्याला मी बैलांचे सांगितले, तर तो म्हणाला, मला हे पुस्तकातून इतके लवकर कळले नव्हते.

ऑगस्टमधल्या एका मंगळवारी दुपारी आम्ही हे विमान याच हॉलमध्ये आणले. शिपाईमामांनी पंखे बंद केले, खिडक्या लावल्या. पंखे बंद केल्याशिवाय पंख उडत नाहीत, हे तुम्हाला आता वेगळे सांगायला नको. हवा दमट होती, बाल्सा ओलावा धरतो, त्यामुळे पहिली चार-पाच उड्डाणे वाया गेली. सहाव्या वेळी पोरीने पुढचा पाय थोडा दाबला, रबराला पाचशे पीळ दिले आणि विमान हातातून नुसते सोडले. फेकायचे नसते. ते या व्यासपीठापासून निघाले, त्या खांबाला वळसा घालून दिव्याच्या उंचीपर्यंत गेले, आणि आवाज काहीच नाही. पुढचा पंखा इतका सावकाश फिरत होता की फेरे मोजता येत होते. मामा झाडू धरून तसेच उभे राहिले. एक मिनिट दहा सेकंद. तिकडचे लोक उंच सभागृहांत अशी विमाने दहा-दहा मिनिटांवर उडवतात, तेव्हा हे काही मोठे नाही. पण पोरगी त्या रात्री जेवली आणि दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन सरांना वही दाखवून आली. सरांनी वही ठेवून घेतली, दोन दिवसांनी परत केली आणि पुढल्या वर्षी कोण काय करणार ते विचारूनच ठरवू, असे म्हणाले. पाहू या.

त्यानंतर वाड्यातल्या आणि शेजारच्या चाळीतल्या मुली येऊ लागल्या. आज अकरा आहेत, दोन मुलगेही आहेत. आमच्या ओट्यावर आता मावत नाही, आणि आमच्या घराचे छत नऊ फुटांचे. विमान वर चढले की ट्यूबलाइटला अडकते. आपल्या हॉलचे छत बावीस फूट आहे. आमची सगळी भिस्त त्याच्यावर आहे.

म्हणून माझे मागणे. हॉलचे भाडे हे आपल्या मंडळाचे मोठे उत्पन्न आहे, त्यातून शिवणवर्ग चालतो, हे मला ठाऊक आहे. तेव्हा लग्नसराईतला एकही दिवस मी मागत नाही. पण पितृपंधरवड्यात हॉल कोणी घेत नाही, आणि तोवर पाऊसही ओसरलेला असतो. ते पंधरा दिवस, दुपारी एक ते चार, आणि एरवी महिन्यातून दोन मंगळवार दुपारी हॉल मुलांना द्यावा. विजेचा खर्च जवळजवळ नाही, कारण पंखे बंदच ठेवायचे आहेत. बाल्साची एक फळी आणि रबर एवढाच खर्च. तो दर मुलामागे पालक देतील, आणि ज्यांना जमणार नाही त्यांचा मी आणि आमच्या सोनारकाकू मिळून उचलू. सामानाची यादी भाच्याने लिहून पाठवली आहे, ती सेक्रेटरीबाईंकडे दिली आहे. शिकवायला मी येईन. गोधडीच्या सुया, मेण आणि पत्र्याचे साचे माझ्याकडे आहेत. ज्या भगिनींचा हात कुरडयांवर आणि आकाशकंदिलावर बसलेला आहे, त्यांतल्या दोघी-तिघी फासळ्या कापायला बसल्या तर काम पुष्कळ हलके होईल. येताना फक्त ब्लेडचे नवे पान आणावे, जुन्याने बाल्सा कापला जात नाही, चिरडतो.

ठराव पुढच्या बैठकीत यायचा आहे. तो झाला तर हॉलची किल्ली मंगळवारी कोणाकडून घ्यायची, एवढे कार्यकारिणीने ठरवून सांगावे.